साद घालावी की गप्प राहावं?

सप्टेंबरातली पहाट. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात गवतावरचं दव गोठलेलं, उजेड फुटायला अजून वेळ, आणि सूचिपर्णी झाडांच्या दाट रानातून एकाएकी आवाज येतो. आधी खर्जातला घोगरा हुंकार, मग त्याचीच शीळ होऊन थेट तारसप्तकात चढलेला सूर आणि शेवटी धाप लागल्यासारखे दोन-चार हुंदके. तीनशे किलोंच्या जनावराच्या गळ्यातून एवढा बारीक आवाज निघतो, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वासच बसत नाही. हा माजावर आलेला एल्क नर. काश्मीरच्या दाचीगाममधला हंगुल त्याचा जवळचा भाऊबंद. तोही शरदात असाच रान दणाणून सोडतो.

हंगुलाकडे आता फक्त दुर्बिणीतून पाहायचं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शिकार गोष्टींपुरती उरली, आणि ते बरंच झालं. एल्कची मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात शिकार करता येते. १९००च्या सुमारास बेसुमार कत्तलीमुळे हे जनावर लाखाच्याही खाली आलं होतं. मग कायदे कडक झाले, परवान्यांचा पैसा रानाच्या देखभालीकडे वळला, आणि आज उत्तर अमेरिकेत एल्कची संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

ज्याच्याकडे पैसा आहे तो खासगी रँचवर जातो. बाकीच्यांसाठी सरकारी रान! पश्चिमेकडच्या राज्यांत केंद्र सरकारच्या मालकीची कोट्यवधी एकर जमीन आहे आणि तिथल्या बहुतेक रानात कुणालाही पायी शिरता येतं. वर्षाची रजा साठवून आलेला सुतार किंवा शाळामास्तर पाठीवर तंबू आणि हातात धनुष्य घेऊन इथंच येतो. हाताशी सात-आठ दिवस. आपल्याकडे पूर्वी हाकारे रान उठवायचे आणि शिकारी मचाणावर बसायचा. इथं हाक मारायची ती शिकाऱ्यानंच, आणि तीही एल्कच्या भाषेत.

त्याची सामग्री अगदी साधी. टाळूला चिकटणारी लेटेक्सची छोटी पत्ती आणि एक पोकळ नळी. पत्तीवर हलकी फुंकर मारली की मादीचं लाडिक ‘म्याँव’ निघतं, नळीतून जोर लावला की नराची आरोळी. टेप लावून आवाज ऐकवायला अनेक राज्यांत बंदी आहे. घरी गाडी चालवता चालवता सराव करायचा, बायकोमुलांनी कानांवर हात ठेवायचे, असा प्रकार उन्हाळाभर चालतो.

अडचण अशी की समोरच्या डोंगरावर आणखी वीस जणांकडे तीच पत्ती असते. हंगामाच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत नरानं सगळे नकली आवाज ऐकलेले असतात. कधीकधी तर दोन शिकारी तासभर एकमेकांनाच आरोळ्या देत, झाडाझाडांआडून दबकत पुढे येतात आणि शेवटी समोरासमोर उभे राहून ओशाळं हसतात!

म्हणून मुरलेला शिकारी पहाटे कड्यावरून एकदाच आरोळी देतो. उत्तर आलं तरी पुन्हा तोंड उघडत नाही. जागा हेरतो आणि चालू लागतो. आता नर कोण आहे ते ओळखायचं. आवाज दूर दूर सरकत असेल तर त्याच्यापाशी माद्यांचा जनाना आहे. असा नर लांबून आलेल्या आव्हानाला भुलत नाही. भांडण कशाला उकरायचं? माद्या पुढे घालून तो चालता होतो. चारशे मीटरवरून त्याला डिवचणं म्हणजे त्याला स्वतःच शेजारच्या रँचमध्ये पिटाळणं. त्याच्या शंभर मीटरच्या आत मुकाट्यानं शिरायचं आणि मगच आरोळी द्यायची, काठीनं झाड खरवडायचं. प्रतिस्पर्धी दारात आला की मग त्याला वळावंच लागतं. उलट जनान्याभोवती घोटाळणारे उपरे, तरुण नर मादीच्या दोन हळुवार सादांवर धावत येतात.

आणि रान अगदी गप्प असेल तर? तेव्हा चिखलाच्या लोळणीजवळ बसायचं, बऱ्याच वेळानं एखादी साद घालायची आणि पाऊण तास हलायचं नाही. दडपलेला नर उत्तर न देता, पाऊल न वाजवता येतो. बहुतेक लोक दहाव्या मिनिटाला कंटाळून उठतात आणि उठता उठता मागे फांदी मोडल्याचा आवाज ऐकतात.

नर येतानाही वारा घेऊनच येतो. सकाळी गार हवा उताराकडे वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. नर आवाजाला वळसा घालतो, वास घेतो आणि माणसाचा वास आला की संपलं. शिवाय आवाज आला तिथं मादी दिसली नाही, तर साठ पावलांवरच थबकतो. बाणाचा पल्ला तीस-चाळीस पावलांचा! म्हणून दोघं असतील तर साद घालणारा मागे आणि धनुर्धारी पुढे बसतो. एकट्यानं अशी जागा शोधायची की नराला आत डोकावायला पल्ल्यात यावंच लागेल.

ही जनावरं शिकतात, हा काही शिकाऱ्यांचा पराभूत बहाणा नव्हे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एल्क माद्यांच्या गळ्यात पट्टे बांधून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. २०१७ साली त्यांनी नोंदवलं, की वय वाढेल तशा माद्या शिकारीच्या दिवसांत कमी हिंडतात, आडरानात राहतात आणि दहा वर्षांपुढची मादी शिकाऱ्याच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

सर्वांत अवघड निर्णय संध्याकाळी येतो. समजा, रस्त्यापासून आठ किलोमीटर आत, खोल दरीत, शेवटच्या उजेडात नर ओरडतोय. वारा अनुकूल आहे. तो आला, बाण लागला, तर अंधारात माग काढायचा आणि शंभरेक किलो मांस पाठीवर घेऊन चढ चढायचा. खेपा चार-पाच, रात्रही उबदार. खाण्याजोगं मांस रानात सोडणं हा तिथं गुन्हा आहे, आणि शिकाऱ्यांच्या लेखी त्याहून मोठी नामुष्की. हा हिशेब नळी तोंडाला लावण्याआधी करावा लागतो. खाली नर पुन्हा शीळ घालतो. वर बसलेला माणूस ऐकत राहतो, पत्ती तोंडातून काढून डबीत ठेवतो आणि तंबूकडे वळतो. सुटीचे अजून दोन दिवस बाकी असतात.