अभ्यास आपल्या पाड्याचा, अनुदान कोणाचं?

साथींनो,

पावसाळा सरला की आपल्या पाड्यांवर दोघं हमखास येतात. एक ज्वारीवरची पाखरं, दुसरे सर्वेवाले. हातात छापील फॉर्म, गळ्यात ओळखपत्र. घरात माणसं किती, कोंबड्या किती, महू किती वेचता, पोरं शाळा का सोडतात, असे शंभर प्रश्न. आपण खाट टाकतो, चहा करतो, आहे ते सांगतो. गाडी निघून जाते. पुढे काय होतं, ते कोणी विचारत नाही.

चोपडा तालुक्यातल्या आपल्या एका पाड्यावर काही वर्षांमागे अशीच मंडळी तीन दिवस राहिली. नेवाड कोणी फोडलं, जंगलखात्याचा पहिला दंड कोणी भरला, देवाची जागा कुठली, गुरं कोणत्या वाटेनं जात, सगळं म्हाताऱ्यांकडून लिहून घेतलं. एका आजोबांनी तर उन्हात फिरून बांध न् बांध दाखवला. "अहवाल पाठवतो," म्हणून गेले ते गेलेच. पुढे त्याच पाड्यातले दावे "पुरावा अपुरा" म्हणून फेटाळले गेले. आजोबा आता नाहीत. त्यांनी सांगितलेलं कुठल्या तरी शहरातल्या कपाटात पडून आहे.

हे नुकसान केवढं, ते नीट समजून घेऊ. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तशी जुनी विहीर, घर, बांध, स्मशान, देवस्थान ही ठिकाणंही आहेत. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. आणि नामांकित संस्थांनी केलेला रीतिरिवाजांचा, वहिवाटीचा अभ्यास हासुद्धा पुरावा म्हणून त्याच यादीत आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघून निर्णय करायचा, असंही नियम सांगतो. म्हणजे तो अहवाल हातात असता आणि जोडीला आजोबांचा जबाब असता, तर दावा उभा राहिला असता.

१३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला होता. देशभर आदिवासी रस्त्यावर आले, २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे निकाल नव्हे. फेरतपासणीत कागद लागणारच आहे, आणि म्हातारी माणसं काही थांबणार नाहीत.

आता पैशाची गोष्ट. शिक्षण आणि समाज-संशोधनासाठी अनुदानं आहेत, खोटं नाही. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. दिल्लीला समाजविज्ञान संशोधन परिषद १९६९ पासून आहे. ती प्राध्यापकांना, संस्थांना प्रकल्पासाठी पैसा देते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांनाही नफ्यातला काही वाटा सामाजिक कामाला लावावा लागतो. पण अर्ज बहुतेक इंग्रजीत, नोंदणी पाहिजे, ऑडिट पाहिजे. पाड्याला ते दार बंदच. आपल्या नावानं पैसा निघतो, आपल्या पाड्यावरून फिरून जातो, आणि आपल्या वाट्याला चहाची कपबशी धुणं येतं.

काही साथी म्हणतात, यापुढे सर्वेवाल्यांना पाड्यात पायच ठेवू देऊ नका. राग खरा आहे. पण आम्हाला ते पटत नाही. जो पुरावा कायदा मानतो, त्याला आपणच दार लावून कसं चालेल? दार उघडं ठेवू, फक्त कडी ग्रामसभेच्या हातात राहील. आमचं म्हणणं असं:

एक, येणाऱ्यानं आधी ग्रामसभेला पत्र द्यावं. पैसा कोणाचा, किती, कशासाठी, हे सगळ्यांसमोर सांगावं. ठराव झाल्यावरच काम सुरू.

दोन, माहिती गोळा करायला आपलीच शिकलेली पोरंपोरी घ्यावीत आणि त्यांना रोज द्यावा. पावरी, भिलोरी, तडवी बोलणाऱ्यांशी ती जे बोलतील ते बाहेरच्याला जमणार नाही.

तीन, अहवालाची मराठी प्रत, सही-शिक्क्यासह, ग्रामसभेच्या दप्तरी जमा व्हावी. आपल्या बोलीत तो वाचून दाखवावा, चुकलं असेल ते दुरुस्त करावं.

चार, जडीबुटीची माहिती ग्रामसभेला विचारल्याशिवाय छापायची नाही.

पण दुसऱ्याची वाट तरी किती बघायची? यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, साक्री इथल्या ज्या गावांना पेसा लागू आहे, त्यांच्यासाठी आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीला मिळतो. तो कशावर खर्चायचा ते ग्रामसभेनं ठरवायचं असतं. त्यात शिक्षण आहे, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणीही आहे. मग गटार आणि पेव्हर ब्लॉकच का? चार पोरांना महिनाभर रोज देऊन वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घ्या, शिवाराचा नकाशा काढा, शाळा सोडलेल्या मुलांची यादी करा. सगळ्यात जवळचं अनुदान हेच आहे, आणि त्याला इंग्रजी अर्ज लागत नाही. ज्या पाड्यांना पेसा नाही, तिथं वर्गणी काढू. एक वही, एक पेन आणि संध्याकाळचे दोन तास, खर्च एवढाच.

गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावानं हेच केलं. तिथं गावाचा अभ्यास गट बसायचा, बाहेरचा जाणकार आला तर तोही त्या गटातच बसायचा. २००९ साली त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्याच्या मागे वर्षानुवर्षांचं बसणं आणि बोलणं होतं.

आणखी एक. दहावीच्या पुढं शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी राष्ट्रीय फेलोशिप आहे. जळगावच्या विद्यापीठात आपली पोरं पोचली आहेत. त्यांना आमचं सांगणं, विषय शोधायला लांब जाऊ नका. आपल्याच पाड्याचा अभ्यास करा आणि प्रबंधाची पहिली प्रत ग्रामसभेला द्या.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ठराव झाला की त्याची नक्कल आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू. आणि त्याआधी, आजच संध्याकाळी, पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा.

जल, जंगल, जमीन आमची! जिंदाबाद!