आपल्या सहलींचे कुंपण

१९५० च्या परतीच्या कायद्याने प्रत्येक ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. परंतु शाळेतील शिक्षकांच्या खोलीत माणसाची पारख होते ती त्याच्या उच्चारावरून. भारतात अध्यापनाचे शिक्षण घेऊन आलेले आम्ही उल्पानमध्ये हिब्रू शिकलो व वर्गात उभे राहिलो, तरी दोन वाक्ये बोलताच "तुम्ही कोठले?" हा प्रश्न येतोच. येथील मुले शिक्षकांना नावाने हाक मारतात. 'बाई' आणि 'गुरुजी' ऐकत वाढलेल्या कानांना हे प्रथम बोचते. पुढे कळते की, यात अनादर नाही, ही येथली रीतच आहे.

वर्गातले हे परकेपण दिवसेंदिवस कमी होते. सुटीच्या दिवसाचे मात्र होत नाही, आणि त्याचा काही दोष आपल्याकडेही जातो, असे आमचे मत आहे.

येथे आठवडा रविवारी सुरू होतो व शुक्रवारी दुपारी आटोपतो. शब्बाथला बहुतेक गावी बस नसते. त्यामुळे सहलीचे दिवस मोजकेच: पेसाह व सुक्कोथ यांचे मधले दिवस आणि स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी सहकारी आपल्याला बागेत, मांस भाजण्याच्या शेगडीभोवती बोलावतात. आपण नम्रपणे नाही म्हणतो. कारण हैफाला एलियाहू हन्नाबींच्या गुहेकडे जाणारी आपल्या मंडळींची बस आधीच ठरलेली असते. या सहली बंद व्हाव्यात असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. नातवंडांच्या कानी मराठी गाणी पडतात ती बहुधा त्या बसमध्येच. पण त्या बसमध्ये आपल्याखेरीज कोणीच नसते, हे खटकते.

याचा परिणाम मुलांवर होतो. शाळेच्या वार्षिक सहलीत आपले मूल पोह्यांच्या डब्याचे झाकण अर्धेच उघडते. आपले खाणे व आपली बोली घरात झाकून ठेवायची असते, असा धडा ते शिकलेले असते. पुढे ते आजीलाही हिब्रूतच उत्तर देऊ लागते.

१९६४ साली आपल्या वडीलधाऱ्यांनी जेरुसलेममध्ये ठाण मांडून आपले ज्यूपण निर्विवाद मान्य करून घेतले. हक्क असा लढून मिळतो. ओळख मात्र एकत्र बसून जेवल्यानेच होते.

यासाठी तू बिश्वातसारखा दिवस नाही. त्या दिवशी शाळांतून झाडे लावतात व सुका मेवा वाटतात. त्याच दिवशी अलिबागजवळील खंडाळे येथे एलियाहू हन्नाबींनी दर्शन दिले, अशी आपली परंपरा आहे, म्हणून आपण मलिदा करतो. पोहे, साखर, ओले खोबरे आणि फळे. त्यात मांस नाही, दूधही नाही, म्हणून तो कोणत्याही जेवणाबरोबर चालतो. एक ताट शिक्षकांच्या खोलीत न्यावे. गुहेकडे जाणाऱ्या बसमध्ये दोन जागा शेजाऱ्यांसाठी राखाव्यात, आणि त्यांच्या शेगडीचे आमंत्रण आले तर आपणही जावे.

"त्यांना आपली भाषा कोठे कळणार?" असे कोणी म्हणेल. आपण या देशात उतरलो तेव्हा आपल्याला तरी त्यांची कोठे कळत होती? तरीही कोणीतरी आपल्यापुढे ताट ठेवलेच होते. येत्या सहलीची यादी करताना मंडळींनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.