शंका कुणाला विचारायची?

हल्ली आमच्या जिल्ह्याच्या गावी कोणत्याही महाविद्यालयात पाऊल टाकले, की प्राचार्य प्रथम चहा विचारीत नाहीत. प्रथम ‘स्मार्ट क्लासरूम’ दाखवितात. भिंतीएवढा पडदा, छताला टांगलेला प्रोजेक्टर, बोटाने लिहिता येईल असा फळा. पाहुणे माना डोलावतात. मीही डोलावतो आणि मग एवढेच विचारतो, “पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांच्या जागा किती भरल्या आहेत?” या प्रश्नानंतर मात्र चहा ताबडतोब येतो.

वाचकहो, गैरसमज नको. तीस-बत्तीस वर्षे खडूची धूळ खाल्लेला माणूस यंत्राचा शत्रू होईल कसा? आयआयटी आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली हाती घेतलेल्या ‘एनपीटीईएल’मधली व्याख्याने मी स्वतः वही-पेन्सिल घेऊन ऐकली आहेत. ज्या गुरूंच्या वर्गाच्या दारातही आमच्या मुलांना उभे राहता आले नसते, ते आज फुकट त्यांच्या घरात येऊन शिकवितात. ही लहानसहान गोष्ट नव्हे.

माझे भांडण आहे ते या सोयीच्या आडोशाला चाललेल्या काटकसरीशी. यंत्र आले, आता शिक्षकाचे काय काम, हा सूर काही नवा नाही. १९१३ सालीच एडिसनने सांगून टाकले होते की, शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि चलच्चित्रे सारे काही शिकवितील. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. १९८४ च्या १५ ऑगस्टपासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर दिसू लागले. उपक्रम चांगलेच होते. पुढे २०१२ च्या सुमारास अमेरिकेत महाजालावरच्या खुल्या अभ्यासक्रमांची लाट आली. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या अशा अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ साली नाव घातलेल्यांपैकी शेवटापर्यंत पोचले शेकडा तीनच! पुष्कळ जण नुसते डोकावायला येतात, हे मान्य. पण पैसे भरून प्रमाणपत्रासाठी बसलेल्यांतलेही निम्म्याहून अधिक वाटेत गळाले.

का गळतात? आमच्या शेजारची एक मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाला उष्मागतिकी शिकवावयास कोणी नाही. ‘मोबाइलवर पाहून घ्या’ असे सांगण्यात आले. एंट्रॉपीपाशी पोरगी अडली. तीच चार मिनिटे तिने सात वेळा पाहिली. पडद्यावरचे गृहस्थ विद्वान, शिकवणे चोख. पण सातही वेळा त्यांनी तीच गोष्ट त्याच शब्दांत सांगितली. बिचारे दुसरे काय करणार? शेवटी ती माझ्याकडे आली. मी एकदा निवत चाललेल्या चहाचा दाखला दिला, मग पिसलेल्या पत्त्यांचा, आणि तिसऱ्या खेपेला तिच्या कपाळावरची आठी पाहून माझ्या ध्यानात आले की, ती एंट्रॉपीपाशी अडलेलीच नाही. आधीच्या ओळीतल्या लॉगॅरिथमने तिचा पाय धरून ठेवला आहे!

कोणी म्हणेल, आता शंकेला उत्तर देणारी यंत्रेही निघाली आहेत. आहेत खरी, आणि उत्तरे पुष्कळदा बरी देतात. पण आपली खरी शंका कोणती हेच त्या मुलीला ठाऊक नव्हते. ती विचारणार काय, आणि यंत्र सांगणार काय?

यंत्राचा शहाणा उपयोगही करता येतो. हार्वर्डचे एरिक माझूर पदार्थविज्ञान शिकवितात. १९९१ पासून त्यांनी वर्गात मधेच एक प्रश्न टाकून, मुलांना आधी उत्तर निवडावयास आणि मग शेजाऱ्याशी वाद घालावयास लावले. कळ दाबून उत्तर देण्याचे यंत्र त्यांनी पुढे वापरले. आरंभी हात वर केले तरी भागत असे. निम्मा वर्ग चुकला आहे हे गुरुजींना त्याच क्षणी कळावे, एवढ्यासाठी ते सारे होते. तिथे यंत्र गुरुजींच्या हाताखाली राबत होते.

आणि आमच्याकडे? अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून घेण्याची मुभा दिली. अशा विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने मार्गदर्शक नेमावा, हेही आयोगाने सांगितलेले आहे. पहिले कलम संस्थाचालकांना तोंडपाठ. दुसरे विचाराल तर फाइल सापडत नाही. जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, आणि जो तरुण शिकवितो तो तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे मिळतात. तास संपल्यावर व्हरांड्यात मुलीची शंका ऐकली, तर त्याचे मिळत नाहीत. तो सायकलस्टँडकडे धावतो, कारण पुढचा तास दुसऱ्या महाविद्यालयात असतो. त्याला मी दोष देत नाही.

फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचणाऱ्या आईबापांपाशी माझे मागणे एवढेच आहे. जूनमध्ये प्रवेशाला जाल तेव्हा पडद्याची लांबी-रुंदी जरूर पाहा. पण तिथेच उभे राहून विचारा की, या विषयाला कायम नेमलेले शिक्षक किती, आणि आठवड्यातले कोणते दोन तास ते शंकांसाठी बसतात. उत्तर तोंडी घेऊ नका. माहितीपत्रकात छापून मागा.