पदक देशाचं, पासपोर्ट नवऱ्याच्या मर्जीवर!

सप्टेंबर 2015. मलेशियात महिला फुटसालची पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात इराणच्या मुलींनी जपानला 1-0 ने हरवलं आणि कप उचलला. त्या वेळी त्यांची कर्णधार निलूफर अर्दलान कुठे होती? इराणमध्ये, आपल्या घरी! तिला दुखापत झाली नव्हती, निवड समितीने वगळलंही नव्हतं. पासपोर्टचं नूतनीकरण करायला नवऱ्याची संमती लागत होती आणि ती त्याने दिली नाही. कारण काय, तर मुलाच्या शाळेचा पहिला दिवस.

आणि हा नवरा काही अडाणी नव्हता. तो क्रीडा पत्रकार होता. शिक्षण आलं की बाईला आपोआप माणूस मानलं जातं, असं समजणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.

मी ही गोष्ट वस्तीतल्या मुलींना सांगितली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग कप जिंकल्या की नाही?" जिंकल्या. 2018 मध्ये बँकॉकला पुन्हा जिंकल्या, जपानलाच 5-2 ने हरवून. पहिल्या दोन्ही आशियाई स्पर्धांच्या विजेत्या त्याच. पण माझा मुद्दा इथेच सुरू होतो. कपाटात कप वाढले म्हणजे बाई मोकळी झाली असं होत नाही. जिंकल्यावर झेंडा देशाचा फडकतो, राष्ट्रगीत देशाचं वाजतं. मात्र त्या मैदानापर्यंत जायचं की नाही, हे घरातला पुरुष ठरवतो.

यावर दोन ठरलेली उत्तरं येतात.

पहिलं उत्तर : "तो त्यांच्या घरातला मामला आहे." अजिबात नाही. नवरा-बायकोचं भांडण घरातलं असेल, पण पासपोर्ट सरकार देतं. नवरा नाही म्हणाला आणि सरकारने तो नकार आपल्या कायद्याने पाळला. त्या संघातली जी विवाहित खेळाडू परदेशी गेली, तीसुद्धा याच कायद्याखालून गेली. तिचा नवरा समंजस असेल, पण दार त्याच्याच हातात होतं. मालक चांगला निघाला म्हणून मालकी संपत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

दुसरं उत्तर आपल्याकडे फार आवडीने दिलं जातं : "त्यांचा धर्मच तसा." ज्यांना बाईच्या हक्काशी काडीचं देणंघेणं नाही, तेही हे वाक्य चघळतात. मग इतिहास बघा. विवाहितेला पासपोर्टसाठी नवऱ्याची लेखी संमती बंधनकारक करणारा हा कायदा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे 1979 च्या इस्लामी क्रांतीच्या आधीचा, युरोपी पोशाखातल्या 'आधुनिक' शहाच्या राजवटीतला! शहा गेला, मौलवी आले. सगळं उलथलं, पण हे कलम टिकलं. कारण ते दोघांच्याही सोयीचं होतं. सध्याची राजवट धर्माच्या नावाने बाईवर जुलूम करते, यात शंका नाही. पण पितृसत्ता कोणत्याही एका धर्माची जहागीर नाही.

आणि आपल्याकडे? इथे कायदा अशी सही मागत नाही. तरीही जून 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला निकाल देऊन सांगावं लागलं की पत्नीला पासपोर्टसाठी पतीची परवानगी किंवा सही लागत नाही. कायद्यात नसलेली अट कार्यालयाच्या टेबलावर कुठून आली? टेबलामागच्या डोक्यातून. म्हणून तेहरानकडे बोट दाखवताना जरा जपून.

जागतिक संस्थांचे हातही स्वच्छ नाहीत. फिफाने पुरुषांची पहिली फुटसाल विश्वचषक स्पर्धा 1989 मध्ये भरवली. महिलांची पहिली फिलिपिन्समध्ये, 2025 साली! मधली 36 वर्षं बायका काय खेळतच नव्हत्या? 2010 ते 2015 दरवर्षी महिलांची जागतिक स्पर्धा झाली आणि सहाही वेळा ब्राझील जिंकला. पण त्यावर फिफाचा शिक्का नव्हता. याच फिफाने 2011 मध्ये इराणच्या महिला फुटबॉल संघाला डोक्यावरच्या कापडावरून ऑलिम्पिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही. सरकार म्हणतं, डोकं झाका. फिफा म्हणते, झाकलंत तर खेळू नका. बाईला काय हवंय, हे दोघांनीही विचारलं नाही. पुढे 2014 मध्ये फिफाने नियम बदलला, पण त्या मुलींचं ऑलिम्पिक परत आलं नाही.

अर्दलानचं पुढे काय झालं? तिने उघडपणे आवाज उठवला, जगभर बातमी झाली आणि नोव्हेंबर 2015 मध्ये ग्वाटेमालातल्या जागतिक स्पर्धेसाठी तिला नवऱ्याच्या संमतीशिवाय जाण्याची खास परवानगी मिळाली. अनेकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवणार नाही. परवानगी एका बाईला, एका प्रवासापुरती मिळाली. कायदा जागेवरच राहिला. जिचं नाव पेपरात येत नाही, त्या शिक्षिकेचं, नर्सचं, शिवणकाम करणारीचं काय? तिच्यासाठी कोण खास परवानगी काढणार?

मेहेरबानी आणि हक्क यांतला हा फरक बाबासाहेबांच्या चळवळीत वाढलेल्या माणसाला लगेच कळला पाहिजे. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या माणसाचे आपण अनुयायी आहोत. बाईचा हक्क नवऱ्याच्या चांगुलपणावर सोडायचा नाही, तो कायद्यात लिहून घ्यायचा, हा त्या लढ्याचा अर्थ होता.

2025 च्या पहिल्या विश्वचषकातही इराणच्या मुली पात्र ठरून खेळल्या. कप ब्राझीलने नेला. इराणच्या मुलींचं कौतुक जरूर करा, पण त्यांना 'देशाची शान' म्हणणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा : शान तुमची, मग सही नवऱ्याची का?

आणि हाच प्रश्न आज घरी गेल्यावर स्वतःलाही विचारा. तुमची बहीण बाहेरगावी खेळायला, शिकायला, शिबिराला निघते तेव्हा ती तुम्हाला कळवते, की विचारते? विचारत असेल, तर मोर्चात घोषणा देण्याआधी आपल्या घरातलं हे कलम रद्द करा.

जय भीम!