दंड कुणाला?

भाषण संपलं की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो. "फ्रान्सने एका कायद्याने बुरखा बंद केला. तुम्ही सुधारणावाले किती दिवस प्रबोधनच करत बसणार?"

आधी स्वतःबद्दल सांगते. मी बुरखा घालत नाही. तो सोडला तेव्हा घरात वर्षभर अबोला सोसला. बाईचा चेहरा झाकून ठेवण्यात कुणाचीच इज्जत राहते असं मला वाटत नाही. त्यामुळे हे बुरख्याचं समर्थन समजू नका. पण फ्रान्सचं नाव घेता, तर त्या कायद्यामागच्या माणसाचीही ओळख करून घ्या.

त्यांचं नाव आंद्रे जेरँ. जन्म १९४६. बर्लिए ट्रक कारखान्यात काम केलेले, पक्के कम्युनिस्ट. लिओं शहराला लागून असलेल्या व्हेनिसियू या कामगार-नगरीचे ते १९८५ ते २००९ अशी चोवीस वर्षं महापौर होते आणि १९९३ ते २०१२ खासदार. या गावाच्या मँगेत वस्तीत उत्तर आफ्रिकेतून आलेल्या कामगारांची कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. १९८३ साली इथल्याच एका तरुणाला पोलिसाची गोळी लागली आणि त्यातून वंशभेदाविरुद्ध मार्सेय ते पॅरिस अशी पदयात्रा निघाली. शेवटच्या दिवशी पॅरिसमध्ये लाखभर माणसं चालली. मागणी समतेची होती.

जेरँ मुस्लिमद्वेष्टे म्हणून राजकारणात आले नव्हते. मूलतत्त्ववाद्यांचा दबाव त्यांनी गल्लीत पाहिला होता. २००४ मध्ये त्यांच्याच गावातल्या एका इमामाने बायकोला मारण्याचं उघड समर्थन केलं, त्यावरून देशभर वादळ उठलं. जेरँ यांचा राग खरा होता, आणि मला तो समजतो. माझं भांडण त्यांच्या उपायाशी आहे.

जून २००९ मध्ये त्यांच्या पुढाकाराने संसदेची चौकशी समिती नेमली गेली. अध्यक्ष तेच. सहा महिने तज्ज्ञ, नेते, कार्यकर्ते यांच्या साक्षी झाल्या. निकाब घालणारी स्त्री समितीसमोर आली ती एकच. सरकारी अंदाजानुसार सगळ्या फ्रान्समध्ये अशा स्त्रिया होत्या सुमारे १,९००. एवढ्यांसाठी ११ ऑक्टोबर २०१० चा कायदा झाला: सार्वजनिक जागी चेहरा झाकला तर १५० युरो दंड किंवा नागरिकत्वाचा वर्ग, किंवा दोन्ही.

हा दंड कुणाला? बाईला. ती स्वखुशीने घालत असेल, तर तिचं मत पावतीने बदलत नाही. नवऱ्याने जबरदस्ती केली असेल, तर घरात त्याचा मार आणि रस्त्यावर सरकारचा दंड. मग ती बाहेर पडणंच बंद करते. म्हणजे मौलवीला जे हवं होतं, तेच सरकारने करून दिलं!

त्याच कायद्यात एक चांगलं कलम आहे. चेहरा झाकायची सक्ती करणाऱ्याला एक वर्ष कैद आणि ३०,००० युरो दंड. मग कायदा एवढाच का केला नाही? कारण त्यासाठी बाईला विश्वास द्यावा लागतो, आसरा द्यावा लागतो, तिची साक्ष ऐकावी लागते. पावती फाडायला दोन मिनिटं पुरतात.

युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा वैध ठरवला, हेही सांगायला हवं. पण २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यात दोन स्त्रियांच्या हक्कांचं उल्लंघन झाल्याचं म्हटलं. आणि मे २०२० मध्ये त्याच फ्रान्समध्ये बसमध्ये मास्क नसेल तर १३५ युरो दंड सुरू झाला. चेहरा झाकला म्हणून दंड, न झाकला म्हणूनही दंड.

आता आपल्याकडे या. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. त्यांनीही कायदाच मागितला होता. पण तो तोंडी तलाक देणाऱ्याला आवरण्यासाठी होता, तलाक सोसणारीला शिक्षा करण्यासाठी नव्हता. मागणाऱ्या त्या स्वतः होत्या.

म्हणून पुढच्या वेळी कुणी फ्रान्सचा दाखला दिला, तर मी एवढंच विचारेन: कायदा जरूर करा, पण दंड कुणाला करणार, ते आधी सांगा.