रिकामी टाकी रिकामी नसते



पिंपरी-चिंचवड, चाकणच्या कारखान्यांत रसायने येतात ती २०० लिटरच्या ड्रममधून, जाळीतल्या १००० लिटरच्या प्लॅस्टिक टाक्यांतून. वापरून झाल्या की यातल्या कित्येक भंगारात निघतात आणि स्वस्त म्हणून आपण कोरडवाहू गावांत त्यांत पाणी भरतो. प्लॅस्टिकमध्ये मुरलेले रसायन धुऊन निघत नाही. ज्वालाग्राही द्रवाचा ड्रम गॅसने कापला, तर उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

केंद्राच्या २०१६ च्या नियमांत घातक रसायनांनी माखलेले रिकामे ड्रम घातक कचऱ्याच्या यादीत आहेत. कारखान्याचा घातक कचरा आमच्या घरी पिण्याच्या पाण्याला कसा चालतो? आम्ही म्हणतो, आत काय होते त्याचे लेबल दाखवा. लेबल खरवडलेले असेल, त्यावर कवटी किंवा ज्वाळा असेल, तर टाकी फुकटातही नको.