ध्वनियंत्रांचा दर्शनी थाट

घरांत बसून उत्तम संगीत ऐकावयाचें तर यंत्रही उत्तम असावें, ही इच्छा अगदीं रास्त आहे. तिची थट्टा करण्याचा हेतु येथें नाहीं. ज्याला सुराचें वेड आहे त्यानें पदरचे चार लाख रुपये तबकडीच्या यंत्रावर, ध्वनिवर्धकावर आणि लाऊडस्पीकरांवर खर्चिले म्हणून तो उधळ्या ठरत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. या भारी किंमतीच्या यंत्रांच्या बाजारांत असा एक प्रघात पडला आहे कीं, यंत्राचें तोंड जितकें जाड, जितकें चकचकीत आणि जितकें दिव्यांनीं उजळलेलें, तितका त्याचा आवाज श्रेष्ठ मानावयाचा. कानाच्या सौद्यांत डोळा दलाल म्हणून शिरला आहे, आणि दलाली ग्राहकाच्या पिशवींतून जात आहे.

यावर लगेच उत्तर येतें कीं, दिवाणखान्यांत ठेवावयाची वस्तु देखणी असली तर बिघडलें कोठें? कांहींच बिघडलें नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्यावरही नक्षी असते. परंतु भोपळा भोपळ्याच्याच ठिकाणीं असतो, आणि नक्षीमुळें जवारी चांगली लागली असें कोणी कारागीर सांगत नाहीं. शोभा ही शोभा म्हणून यावी, गुणाची साक्षीदार म्हणून येऊं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

या यंत्रांचा पूर्वेतिहास पाहिला तर त्यांतील उत्तम रूपें बहुधा कामाच्या निकडींतून जन्मलेलीं दिसतात. १९०६ सालीं अमेरिकेंतील व्हिक्टर कंपनीनें व्हिक्ट्रोला बाजारांत आणला, तेव्हां फोनोचा मोठा कर्णा तिनें लाकडी कपाटाच्या पोटांत दडविला. कपाटाला दारें होतीं. तीं उघडलीं कीं आवाज मोठा, लोटलीं कीं लहान. लांकूडकाम दिवाणखान्यासाठीं होतें हें खरें, पण दाराला काम होतें.

याहून बोधप्रद उदाहरण जर्मनींतील ब्राउन कंपनीच्या एसके-४ या यंत्राचें. १९५६ सालीं निघालेल्या या रेडिओ-ग्रामोफोनची आंखणी हान्स गुगेलोट व डीटर राम्स यांनीं केली. त्या काळचे रेडिओ म्हणजे पॉलिश केलेले, सोनेरी पट्ट्या ठोकलेले, कापडानें तोंड झांकलेले पेटारे. या दोघांनीं पांढऱ्या पत्र्याची साधी पेटी घेतली, दोन्ही बाजूंना लांकडी फळ्या लावल्या, कळा वरच्या पाठीवर मांडल्या आणि झांकण पारदर्शक केलें. लोकांनीं चेष्टेनें तिला 'हिमगौरीची शवपेटी' म्हटलें. परंतु तें झांकण हौसेचें नव्हतें. आधीं पत्र्याचें झांकण योजिलें होतें. यंत्र वाजूं लागतांच तें आवाजाबरोबर थरथरूं लागलें, म्हणून प्लेक्सिग्लासचें करावें लागलें. पुढें तबकडीच्या यंत्रांवर अशीं पारदर्शक झांकणें सर्रास दिसूं लागलीं. ज्या रूपाला कलासंग्रहालयांत जागा मिळाली त्याचें मूळ असें एका खडखडाटांत आहे. तो प्रथम कोणाच्या तरी कानाला खुपला होता.

डेन्मार्कमधील बँग अँड ओलुफ्सेनसाठीं याकोब येन्सेन यांनीं आंखलेल्या १९७२ सालच्या बेओग्राम ४००० ची गोष्टही तीच. तबकडी कोरतांना कोरणारी सुई त्रिज्येच्या सरळ रेषेंत सरकते; नेहमींच्या यंत्रांतील दांडा मात्र एका टोकाशीं खिळलेला असल्यामुळें कमानींत फिरतो, आणि कोनाचा थोडा फरक राहून जातो. येन्सेन यांच्या यंत्रांत दांडा सरळच सरकतो, व त्याच्या जोडीचा दुसरा दांडा तबकडी ठेवली आहे कीं नाहीं, आणि केवढी, हें आधीं चांचपतो. त्या दोन समांतर पट्ट्यांना जगानें सौंदर्य म्हटलें. इंग्लंडमधील बॉवर्स अँड विल्किन्सचा १९९३ सालचा नॉटिलस पाहून तर प्रथम हंसूंच येतें: माणसाच्या छातीइतका उंच शंख! परंतु लाऊडस्पीकरच्या पाठीमागून निघणारी लहर निमुळत्या नळींत जिरवावयाची होती. ती लांब नळी गुंडाळली आणि शंख झाला. ज्याला कारण आहे असें चमत्कारिक रूप आम्हांला मान्य आहे.

आतां आजच्या थाटाकडे वळूं. ध्वनिवर्धकाच्या तोंडावर बोटभर जाडीची ॲल्युमिनियमची फळी असते. जड ट्रान्सफॉर्मरला बळकट बूड लागतें हें समजतें. तोंडाच्या जाडीशीं सुराचा संबंध काय? बाजूंचीं धारदार पातीं, 'अ' वर्गाचा वर्धक असेल तर, अवश्य हवींत, कारण तो गाणें नसतांही तापतो. पण ते काटे! व्हीयू नांवाचें कांट्याचें मापक अमेरिकेंत बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या नभोवाणी कंपन्यांनीं मिळून सिद्ध केलें व १९३९ सालीं प्रचारांत आणलें. तारेवरून जाणाऱ्या कार्यक्रमावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा हात कळेवर असे. कांटा चढला कीं त्याला ती फिरवावी लागे. आरामखुर्चींत पहुडलेल्या गृहस्थानें निळ्या प्रकाशांत नाचणारा कांटा पाहून करावयाचें काय? आवाज वाढल्याचें त्याला कान सांगत नाहींत काय?

या सर्वांवर ताण निर्वात नळ्यांच्या यंत्रांनीं केली आहे. नळी तापली कीं तिच्यांतील तंतु मंद तांबूस दिसतो; तो तिच्या कष्टाचा प्रकाश. तेवढ्यानें भागत नाहीं म्हणून कित्येक यंत्रांत नळीच्या बुडाशीं निराळा नारिंगी किंवा हिरवा दिवा बसवितात! आणि मालक पाहुण्यांना सांगतो, "नळ्यांच्या आवाजाला ऊबच कांहीं और." ही ऊब त्याला कानानें कळली कीं त्या दिव्यानें, हें त्यालाही सांगतां येणार नाहीं.

डोळा फसला तरी कान फसणार नाहीं, असें ज्यांना वाटतें त्यांनीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांचा १९९४ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. त्यांनीं चाळीस श्रोत्यांना चार लाऊडस्पीकर ऐकविले, एकदां समोर ठेवून व एकदां पडद्याआड. दिसत असतांना मोठ्या, भारी लाऊडस्पीकरांना चढे गुण मिळाले आणि लहान स्वस्त संचाला उतरते. पडदा आल्यावर हें अंतर पुष्कळच घटलें. हे श्रोते ध्वनियंत्रांच्याच कंपनींत काम करणारे होते. त्याहून अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढें आहे. लाऊडस्पीकरची खोलींतील जागा बदलली कीं आवाज खरोखरीच बदलतो; पडद्याआड ऐकणाऱ्यांनीं तो फरक ओळखला, पाहत ऐकणाऱ्यांच्या गुणांत तो फारसा उतरलाच नाहीं. म्हणजे देखण्या यंत्रासमोर बसून आपण उलट कमीच ऐकतों.

मध्यम वर्गाच्या घरांत खर्चाला मर्यादा असते, म्हणून हा प्रश्न केवळ रुचीचा राहत नाहीं. जो पैसा ॲल्युमिनियमच्या फळींत गेला तो लाऊडस्पीकरांत गेला नाहीं. भिंतीपासून हातभर पुढें ओढलेला लाऊडस्पीकर, उघड्या फरशीवरची जाड सतरंजी, खिडकीचा भरदार पडदा, यांनीं सुराला जो मोकळेपणा येतो त्याला खर्च जवळजवळ नाहींच. पण या वस्तु जाहिरातींत चमकत नाहींत. दुकानांत खोली अंधारी करून यंत्रांचीं तोंडें उजळण्याची व्यवस्था चोख असते. त्याच दुकानांत, दोन यंत्रें पडद्याआड ठेवून ऐकवा, असें विक्रेत्याला म्हणून पाहावें. तो पडदा शोधूं लागतो कीं चहा मागवितो, तें पाहण्यासारखें आहे.